तिसरा पुकारा

बुधवार, ३१ ऑक्टोबर १९३४

शाळेच्या दिवाणखान्यात थोरल्या पाद्रीसाहेबांची तसबीर आहे. दाराशी उभे राहिले की साहेब दाराकडे पाहतात. खिडकीशी गेले की नजर खिडकीशी येते. दोन टोकांना दोघे उभे राहिले तर एकाच क्षणी दोघांकडे! हे कोणाच्या ध्यानात आलेले नाही? घरोघरी भिंतीवर असे कोणीतरी असते. मात्र असे का होते, हे विचारणारा विरळा.

अध्यापक वर्गातला माझा नमुन्याचा पाठ आज याच विषयावर झाला. मी एका मुलाला पुढे उभे केले आणि बाकीच्यांना हळूहळू बाजूला सरकायला सांगितले. सरकले की त्याचा कान दिसू लागतो, नाकाची पलीकडची बाजू झाकली जाते. मग सर्वांना तसबिरीपुढे नेले. इथे कितीही सरका, झाकलेला कान झाकलेलाच राहतो. कागद सपाट आहे; त्याला दुसरी बाजू नाही. चित्रकाराला जे दिसले तेच, तेवढेच, सर्वांना सर्व ठिकाणांहून दिसते. साहेब त्या दिवशी चित्रकाराच्या डोळ्यांत पाहत होते. म्हणून आज जो कोणी समोर येईल, त्याच्या डोळ्यांत ते पाहतात.

मागच्या रांगेतून एकाने विचारले, "म्हंजे मास्तर, ते आपल्याला बघतच नाहीत? त्या चित्रवाल्यालाच बघतात?"

"होय," मी म्हणालो, "आपण फक्त त्याच्या जागी उभे असतो." वर्ग हसला. परीक्षकांनी मान डोलावली.

उत्तर बरोबर होते. तरी वसतिगृहाकडे परतताना ते मला आवडेनासे झाले.

परवा सलोमीचे छायाचित्र येईल. मागणी झाली तेव्हा वडिलांना नांदगावहून येता आले नाही. त्यांना सून पाहता यावी म्हणून फुलाबाईंनी — तिच्या आईने — ते काढून घेतले आहे. एक प्रत त्यांना, एक मला.


शुक्रवार, २ नोव्हेंबर

छायाचित्र आले. सलोमी खुर्चीत बसली आहे, हात मांडीवर, पदर नीट. शिशुवर्गात मुलांना बाराखडी शिकवताना चेहरा जसा दिसतो तसाच — शांत, आणि कशात तरी गुंतलेला.

टेबलासमोरच्या भिंतीवर लावले. समोर बसलो. ती माझ्याकडे पाहत नाही.

माझ्या डाव्या खांद्यावरून, जरा मागे, तिची नजर जाते. मी डावीकडे सरकलो, म्हणजे नजरेत येईन असे वाटले. नजरही सरकली. आणखी सरकलो. भिंतीला खांदा लागला तरी ती माझ्या डाव्या खांद्याच्या मागेच पाहत होती. तेव्हा हसू आले, कारण सिद्धान्ताची उलट बाजू मी वर्गात सांगितलीच नव्हती. तसबिरीतला मनुष्य समोर पाहत असेल, तर त्याच्या नजरेतून कोणाला सुटता येत नाही. तो बाजूला पाहत असेल, तर त्याच्या नजरेत कोणाला शिरता येत नाही. कुठेही उभे राहा. तुमच्या शेजारी कोणीतरी आहे आणि तो त्याला पाहतो आहे, असेच दिसणार.

थोमा — माझा खोलीतला सोबती — दारात उभा होता. किती वेळ, ठाऊक नाही.

"काय रे, नाचतोयस काय?"

"पडताळा पाहतोय."

"लग्नाआधीच बायको तोंड फिरवते, लेका. आमच्याकडे निदान दोन वर्षं तरी थांबतात."


रविवार, ४ नोव्हेंबर

आज झाले ते क्रमाने लिहितो. लिहिल्याशिवाय मला ते नीट समजणार नाही.

आमच्या मंडळीत लग्नापूर्वी तीन रविवार वधूवरांची नावे देवळात पुकारतात. दर वेळी पाद्रीसाहेब विचारतात, की या दोघांचे लग्न होऊ नये असे कारण कोणाला ठाऊक असेल तर त्याने आताच सांगावे. मग थोडे थांबतात. कोणी उठले नाही, म्हणजे मंडळी साक्षी झाली. रीत साधी आहे. पण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे, म्हणून मांडून ठेवतो.

आज आमचा पहिला पुकारा. पाद्रीसाहेब वेदीपुढे आले. हातात कागद नव्हता. ते नावे तोंडपाठ सांगतात. म्हणाले, "रूबेन जयवंत रणनवरे, ब्रह्मचारी, आणि सलोमी दावीद मकासरे, कुमारी, ही दोघेही याच मंडळीतली. यांचा हा तिसरा पुकारा."

माझे नाव मत्तिया शांतवन पाटोळे.

मग त्यांनी प्रश्न विचारला, आणि थांबले. मला वाटले, ऐकण्यात माझीच चूक झाली. उजवीकडे थोमा समोर पाहत होता. त्याच्या मानेवरची शीर ताठ होती. स्त्रियांच्या बाजूला फुलाबाईंनी डोळे मिटले होते. कोणी उठले नाही. मीही उठलो नाही. पाद्रीसाहेब "आमेन" म्हणाले आणि गीताचा क्रमांक सांगितला.

सलोमीने मान वर केली होती. तिच्या चेहऱ्यावर मी इतके दिवस शोधत होतो ते होते. मात्र ते माझ्याकडे वळलेले नव्हते.


सोमवार, ५ नोव्हेंबर

थोमाला धरून बसवले. आधी म्हणाला, "म्हातारपण, दुसरं काय." मग विडी मागितली, जी तो ओढत नाही. मग बोलला.

"तुला कुणीच सांगितलं नाही? तू नांदगावचा, तुला कुठून माहीत असणार म्हणा. पण फुलाबाईंनीही नाही?"

रूबेन रणनवरे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. तीन वर्षांपूर्वी सलोमीशी त्याचे लग्न ठरले. दोन पुकारे झाले. तिसऱ्या रविवारच्या आधी तापाची साथ आली म्हणून त्याला औषधांची पेटी घेऊन सुरगाण्याकडे पाठवले. तिथेच त्याला ताप आला. तिथेच पुरला. इथून कोणी पोहोचण्याआधी सारे उरकले होते.

"तिने त्याला पाहिलंच नाही?"

"कुणीच नाही पाहिलं. पेटी तेवढी परत आली."

"आणि काल?"

"काल काय, मला वाटलं मलाच ऐकू आलं." मग म्हणाला, "नाव माझं बायबलातल्या संशयी थोमाचं, आणि मीच संशय घेतला नाही बघ."

मी त्याला समजावले की यात गूढ काही नाही. देवळात प्रत्येकाला वाटले की आपण चुकीचे ऐकले, प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिले, शेजारी स्वस्थ होता, म्हणून प्रत्येक जण स्वस्थ राहिला. गर्दी अशीच गप्प राहते. थोमा म्हणाला, "हो, तसंच असेल," आणि पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड केले. अजून दिवेलागणही झाली नव्हती.

मी मात्र बेरीज करीत बसलो. दोन तेव्हाचे. एक कालचा.


मंगळवार, ६ नोव्हेंबर

पाद्रीसाहेबांकडे गेलो. ते नाकारतील असे वाटले होते. नाकारले नाही.

"मी तुझंच नाव घेणार होतो, मत्तिया. तोंड उघडलं, आणि ते त्याच्या नावाला वळलं. तीन वर्षं ते वाक्य जिभेवर तसंच राहिलं होतं, बाबा. अर्ध्यावर मला कळलं. थांबवता आलं नाही."

मी म्हणालो, नियमाप्रमाणे तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर जुने पुकारे रद्द होतात. शिवाय मृताशी विवाह नाही. मग पुकाराही नाही.

"नियम मला शिकवू नकोस." पण ते रागावले नव्हते. "येत्या रविवारपासून तुझे तीन घेऊ. नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की लग्नं नाहीत; त्याच्या आत, गुरुवारी एकोणतीसला लग्न लावू. काळजी करू नको." दारापर्यंत सोडायला आले. तिथे म्हणाले, "एक गोष्ट मात्र मला चैन पडू देत नाही. मी विचारलं. आणि कोणी उठलं नाही. तूही नाही."


बुधवार, ७ नोव्हेंबर

रविवार कारंज्याजवळ हबीब फोटोवाल्याचे दुकान आहे. वर्ग सुटल्यावर तिथे गेलो. फोटो काढताना कॅमेऱ्याशेजारी कोण उभे होते, एवढेच मला विचारायचे होते. आई असेल, दुकानातला कोणी असेल — आणि प्रश्न मिटेल.

हबीबभाईंनी चहा मागवला. "कोनी नव्हतं, मास्तर. तिची अम्मा बाहेर बसलेली, हवा खात. मी काळ्या कपड्यात. बाई समोर."

"मग ती कुठे पाहत होती?"

"तेच तर. मी म्हनलं, बाई, काचेत बघा. तिनं बघितलं. बटन दाबायच्या टायमाला नजर बाजूला. दुसरी प्लेट घेतली, तेच. तिसरी घेतली. मग म्हनलं जाऊ दे, माझ्या प्लेटा काय झाडाला लागतात?"

तिन्ही काचा त्यांनी उजेडात धरून दाखवल्या. काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे झालेली सलोमी. नुसत्या बुबुळांवरून अंतर सांगता येत नाही. उंचीचा अंदाज मात्र बांधता येतो. ती बसली आहे आणि वर पाहते आहे. तिथे कोणी असेल तर ते उभे आहे. तिन्ही काचांत एकाच जागी.

निघताना हबीबभाई हळूच म्हणाले, "मास्तर, बुरा नका मानू. माझं निम्मं आयुष्य कपड्याखाली गेलं. खोलीत मानूस वाढला की कपड्याखाली गरम होतं, बघा. त्या दिवशी झालं होतं."

उष्णतेची कारणे अनेक असतात. पत्र्याचे छप्पर आहे. वेळ दुपारची असणार.


रविवार, ११ नोव्हेंबर

माझा पहिला पुकारा. नाव बरोबर घेतले. कोणी उठले नाही.

सलोमी पुरुषांच्या बाजूला, खांबालगतच्या बाकाच्या टोकाकडे पाहत होती. देऊळ भरले होते, मागे लोक उभे होते. ते टोक मोकळे होते. उपासनेनंतर मी सहज एकाला विचारले, इथे कोणी का बसत नाही? तो बाकाकडे पाहत राहिला, जणू ते त्याला आजच दिसले. "बसतात की," म्हणाला.


मंगळवार, १३ नोव्हेंबर

शिस्तीने विचार केला. अंदाज बांधत बसण्यापेक्षा प्रयोग करावा. इतरांना मी हेच शिकवतो.

मंगळवारी दुपारी सलोमी देवळात बाजाच्या पेटीवर गीतांचा सराव करते. मी बाजूच्या दाराने आत गेलो आणि खांबालगत, बाकाच्या त्या टोकाला बसलो. बाक थंड होते. ती वाजवत होती. मी कोण, हे तिला ओळखता आले नसते, खिडकीचा उजेड माझ्या पाठीमागे होता.

ओळ संपली. तिने मान वर केली, आणि माझ्याकडे पाहिले.

हे कसे लिहू? मागणीच्या दिवसापासून तिने मला पाहिलेच नव्हते, असे त्या क्षणी कळले. ती हसली. तोंडाने नव्हे — साऱ्या चेहऱ्याने, दिवा घरात आणल्यावर खोली उजळते तशी. माझ्या आयुष्यात माझ्याकडे असे कोणी पाहिलेले नाही. मला हलता येईना. हललो असतो तर संपले असते.

मग तिने डोळे बारीक केले. "तुम्ही होय," म्हणाली, अगदी सौजन्याने. आणि पुढची ओळ वाजवू लागली.

आपण फक्त त्याच्या जागी उभे असतो. मीच शिकवले होते.


गुरुवार, १५ नोव्हेंबर

आता प्रश्न मोकळेपणाने मांडतो. लग्नाच्या दिवशी ती देवासमोर वचन देईल. ते वचन खरे असेल काय? ते खरे होणार नाही हे ठाऊक असून मी शेजारी उभा राहिलो, तर मी देवळात असत्याला साक्षी राहिलो. आणि मागे सरलो, तर? एकदा मोडलेले लग्न ताप म्हणून खपले. दुसऱ्यांदा मोडले तर दोष तिच्यावर जाईल. मग तिला कोणी मागणार नाही. सत्य मला एक सांगते, प्रीती दुसरे. आणि दोन्ही एकाच देवाची, असे मी रविवारच्या शाळेत मुलांना सांगत आलो.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. फुलाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या मास्तर. तुम्हाला कळलंय, ते दिसतंय तोंडावर. मी सांगणार होते. रोज म्हणायचे, उद्या सांगू." आणि सूप घेऊन आत गेल्या; पण दाराआडच थांबल्या, कारण निवडण्याचा आवाज बंद झाला.

मी सलोमीला सरळ विचारले, तुम्ही त्यांना पाहता काय?

तिला राग आला नाही. "मी नाही बघत," ती म्हणाली. "तो बघतो. कोणी आपल्याकडे बघत असलं की आपलं लक्ष जातंच ना तिकडे? तुमचं जात नाही?"

"दिसतात ते?"

"नाही. दिसत असता तर एवढं बघावं कशाला लागलं असतं?"

मग ती शिशुवर्गात समजावते तसे, थांबत थांबत म्हणाली, "लोक म्हणतात, तो गेला, तू मोकळी झालीस. पण लग्न झालं असतं तर वचन मरेपर्यंतचं असतं. तो मेल्यावर मी मोकळी झाले असते. आमचे दोनच पुकारे झाले, मास्तर. बांधलीच गेले नव्हते. मग सुटू कशी?" पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "त्या रविवारी तिसरा झाला तेव्हा मला बरं वाटलं. आता त्याला जाता येईल, असं वाटलं."

"गेले?"

तिने माझ्या डाव्या खांद्यामागे पाहिले.

निघताना म्हणाली, "तुम्हाला नको असेल तर सांगा. मीच नाही म्हटलं असं मी मंडळीत सांगेन. तुमचं नाव जाणार नाही."

"ते असत्य होईल."

"हो. पण तुमच्यासाठी बोलेन मी." हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिले. क्षणभरच. माझ्याकडेच — मी खांबाजवळ नव्हतो, उजेड माझ्या तोंडावर होता.


शुक्रवार, १६ नोव्हेंबर

त्या एका क्षणावर मी दिवसभर जगलो.


रविवार, १८ नोव्हेंबर

दुसरा पुकारा. कोणी उठले नाही. ती सारा वेळ मान खाली घालून बसली. डोळे उचलायचेच नाहीत असे तिने ठरवले होते. माझ्यासाठी! बाकाच्या टोकाकडे आज मीच पाहिले. मोकळे.


बुधवार, २१ नोव्हेंबर

विश्वास म्हणजे काय, यावर परीक्षेसाठी निबंध लिहून द्यायचा आहे. मी लिहिले की आपण ज्याला पाहत नाही त्याच्याकडून पाहिले जात आहोत, ही खात्री म्हणजे विश्वास. लिहून झाल्यावर वाचले, आणि शब्दाशब्दाने ते सलोमीचे वाक्य निघाले. फरक इतकाच की मी देवाविषयी लिहिले होते. देवाची नजर मला कधी खांद्यावर जाणवली नाही. मी ती ऐकून मानली. तिला मात्र जाणवते. आमच्या दोघांपैकी विश्वास कोणाचा मोठा?

कागद फाडून दुसरा निबंध लिहिला. त्याला चांगले गुण पडतील.


शनिवार, २४ नोव्हेंबर

उद्या शेवटचा पुकारा. पाद्रीसाहेबांकडे पुन्हा गेलो आणि विचारले, नवऱ्या मुलाचीच हरकत असेल तर?

"तर त्यानेही उभं राहायचं. इतरांसारखं." चष्मा पुसला. "तुझी आहे का?"

"ठाऊक नाही."

"मग उद्या मी जरा जास्त थांबेन," ते म्हणाले.

थोमा म्हणतो, "करून टाक रे. तू जिवंत आहेस, तो नाही. यापेक्षा मोठा गुण नवऱ्यात काय असतो?"


रविवार, २५ नोव्हेंबर

नावे घेतली. "यांचा हा तिसरा पुकारा." प्रश्न विचारला. आणि कबूल केल्याप्रमाणे ते थांबले.

मी उठणार होतो. हे नक्की लिहून ठेवतो, कारण पुढे मी ते स्वतःपासून लपवीन. हात समोरच्या बाकाच्या पाठीवर टेकले होते, टाचा उचलल्या होत्या. सत्य ते सत्य. तिची बदनामी मी कशीही निस्तरीन. पण खोट्या वचनावर घर नाही.

तेवढ्यात खांबालगतचे बाक करकरले. उभा मनुष्य खाली बसला की बाक जसे करकरते, तसे — आधी जरासे, मग पूर्ण भाराने. पुष्कळांनी तिकडे पाहिले. टोक मोकळे होते.

सागाचे जुने लाकूड या दिवसांत सकाळच्या थंडीनंतर उन्हाने तापते, फुगते, आणि सांधा आवाज करतो. हे मी वर्गात सांगू शकतो. पण तिथे मला दुसरेच समजले: त्याची हरकत होती, तो उभा होता, आणि आता तो बसला.

मी टाचा टेकल्या. पाद्रीसाहेबांनी "आमेन" म्हटले.

बाहेर आल्यावर सलोमी जवळ आली. "तुम्ही उठणार होता."

"हो."

"मी पाहिलं," ती म्हणाली. आणि खरेच, ती माझ्याकडे पाहत होती.


गुरुवार, २९ नोव्हेंबर

लग्न झाले. वचन तिने माझ्या डोळ्यांत पाहून दिले. आवाज हलला नाही. देवळात पुरेसा उजेड होता. माझी खात्री आहे.

नंतर हबीबभाईंनी आम्हा दोघांना आवारात उभे केले. कपड्याखालून ओरडले, "मास्तर, काचेत बघा!" मी काचेत पाहिले. चांगले आठवते.


शनिवार, १ डिसेंबर

ती स्वयंपाक करताना गुणगुणते. नजर हातातल्या कामावर असते, नाहीतर माझ्यावर. मी तिला काही विचारत नाही. फुलाबाई येऊन गेल्या, लेकीकडे पाहून रडल्या, आनंदाने.


गुरुवार, ६ डिसेंबर

छायाचित्र आले. सलोमी उभी आहे, मी तिच्या शेजारी. तिची नजर बाजूला गेली आहे. माझीही. दोघांची एकाच जागी.

मी तिला दाखवले. तिने निरखून पाहिले आणि माझ्या दंडाला हात लावला. "मग तुम्हीही बघितलंतच की," म्हणाली.

ज्याला पडताळा पाहायचा असेल त्याने घरातल्या कोणत्याही जोडप्याचे छायाचित्र भिंतीला लावावे, आणि समोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत जावे. चालता चालता कुठेतरी एकाची तरी नजर आपल्या नजरेला मिळाली, तर निश्चिंत असावे. मिळाली नाही, तर जिथे असू तिथे थांबावे, आणि आपल्या डाव्या बाजूला थोडी जागा सोडावी.